जेवायला किती जण?

प्लॅन साधारण असा ठरतो. शुक्रवारचं शेवटचं लेक्चर सोडायचं, दुपारी पुण्याहून निघायचं. ताम्हिणी उतरून माणगाव, माणगावहून म्हसळा, म्हसळ्याहून दिवेआगर. मुंबईचे असाल तर कोकण रेल्वेने माणगाव आणि पुढे एसटी. रात्री बीचवर कुठंतरी मस्त जेवायचं. सकाळी दिघीहून बोट पकडायची आणि खाडी ओलांडून आगरदांडा, मुरूड. वाटेत उजाडत्या उन्हात जंजिरा दिसतोच. लगेच कुणीतरी ग्रुपवर टाकतं, 'क्रूझला चाललोय आपण!' त्याला सतरा हसऱ्या चेहऱ्यांचं उत्तर येतं.

मग गाड्या ठरतात, गाणी ठरतात, फोटोला कुणी काय घालायचं हेसुद्धा ठरतं. एक ओळ मात्र कुणी नीट वाचत नाही. 'रात्री बीचवर कुठंतरी जेवू.' आज बोलायचंय ते या 'कुठंतरी'बद्दल.

तुम्हाला उपदेश करायला मी फार लायक नाही, हे आधीच सांगतो. कॉलेजात असताना आम्ही आठ जण याच रस्त्याने गेलो होतो. घाटात एक गाडी पंक्चर झाली. म्हसळ्यात शिरलो तेव्हा दहा वाजत आले होते. बाजार मिटलेला. एका हॉटेलाचं शटर अर्धं खाली आलेलं. मालक म्हणाले, 'जेवण संपलं, अंडी आहेत.' आठ जणांनी ऑम्लेट-पाव खाल्ला, चहा घेतला, आणि जगातलं सर्वांत भारी जेवण हेच, असं ठरवून पुढे निघालो. दिवेआगरला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ज्या घरी खोल्या सांगितल्या होत्या तिथल्या काकू पडवीत बसल्या होत्या. आत आठ ताटं झाकून ठेवलेली. खोल्या सांगताना फोनवर 'जेवायला किती जण?' असं त्यांनी विचारलं होतं आणि आमच्यातल्या एकाने 'आठ' असं सांगून टाकलं होतं. तो विसरला. आम्हाला तर माहीतच नव्हतं. उशीर होतोय, तर एक फोन करावा, हे आठातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

'जेवून आलो,' आम्ही म्हणालो. 'बरं,' काकू म्हणाल्या आणि दिवा घेऊन आत गेल्या. त्या स्वतः जेवायच्या थांबल्या होत्या हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाकडून कळलं. सकाळी हिशेबात त्यांनी जेवणाचे पैसे लावले नाहीत. आम्हीही विचारले नाहीत. बोट अर्ध्या खाडीत आल्यावर एकाने हळूच विचारलं, 'रात्रीच्या ताटांचे पैसे दिले का रे कुणी?' कुणीच काही बोललं नाही. जंजिऱ्याचे फोटो त्या दिवशी छान आले. ते आता कुठं आहेत माहीत नाही. तो प्रश्न मात्र अजून आहे.

म्हणून हा लेख.

शहरातल्या हॉटेलाची आपल्याला इतकी सवय झालेली असते की जेवण 'असतंच' असं आपण धरून चालतो. आपण जायचं, बसायचं, मागवायचं. मागे फ्रीज भरलेला असतो, चार आचारी असतात, आपण आठ जण आलो काय नि नाही आलो काय, त्यांचं फारसं बिघडत नाही. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरच्या बाजूला जेवणाची जी खरी चांगली ठिकाणं आहेत, ती बहुतेक अशी नाहीत. ती घरं आहेत. पुढे अंगण, बाजूला नारळ-सुपारीची वाडी, पडवीत चार टेबलं, आणि आत रोजचंच स्वयंपाकघर. तिथं जेवण माणसं मोजून होतं. सकाळी आकडा कळला की त्या आकड्याचे मासे घेतले जातात, तेवढा नारळ खवला जातो, तेवढी आमसुलं भिजतात, तेवढ्या तांदळाच्या पिठाची उकड निघते. भाकरी तर माणूस ताटावर बसल्यावरच तव्यावर पडते. उकडीचे मोदक हवे असतील तर आधी सांगावंच लागतं, कारण मोदक फ्रीजमधून काढून गरम करायची वस्तू नाही.

'जेवायला किती जण?' हा प्रश्न म्हणूनच नुसती चौकशी नसते. तो तिकडचा करार असतो. सही नाही, ॲडव्हान्स नाही, ओटीपी नाही. तुम्ही तोंडाने एक आकडा सांगता आणि समोरची बाई त्या आकड्यावर स्वतःचे पैसे लावते.

थोडं गणित करू. समजा ताट तीनशे रुपयांचं आहे. मासे, नारळ, तांदूळ, गॅस, मदतीला येणाऱ्या बाईचा रोज, असं धरून त्यातले दोनशे खर्चाचे. मागे शंभर राहतात. आठ ताटं वाया गेली तर सोळाशे रुपये बुडाले. ते भरून काढायला पुढची सोळा ताटं तिने नफ्याशिवाय रांधायची. म्हणजे तुमच्या ग्रुपचा 'अरे, जाऊ दे ना, वाटेतच खाल्लं' हा मूड तिला दोन ग्रुपचं काम फुकट करायला लावतो. आकडे मी उदाहरणापुरते धरलेत; तुम्ही तुमचे घाला, उत्तर फार बदलत नाही.

आणि ही माणसं किती तगून राहिलीत, तेही जरा बघा. दिवेआगरला १९९७ साली एका वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला आणि गावाकडे पर्यटकांची रीघ लागली. घराघरांत खानावळी सुरू झाल्या, खोल्या निघाल्या. मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला, मूर्ती चोरीला गेली, पहारेकऱ्यांचे जीव गेले. गर्दी ओसरली आणि त्याबरोबर ताटंही कमी झाली. हळूहळू लोक समुद्रासाठी यायला लागले, तर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचं वारं. लॉकडाउन आधीपासून होताच. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांमधली नारळी-पोफळीची झाडं काड्यांसारखी मोडून पडली. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, नारळाचंही तसंच. एका दुपारी गेलेलं उत्पन्न एका हंगामात परत येत नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण झाडच आडवं झाल्यावर नाव काय कामाचं? नोव्हेंबर २०२१ मध्ये गणपतीची देवळात पुन्हा स्थापना झाली. मधल्या काळात कित्येक घरं तगली ती खोल्यांवर आणि ताटांवर. तुम्ही फोनवर सांगता तो आकडा अशा घरात जाऊन पडतो.

आता मुद्द्याचं. बोटीच्या आदल्या रात्री जेवायचं कुठं?

पहिलं, म्हसळ्याला 'वाटेतलं गाव' समजू नका. राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला वसलेलं हे तालुक्याचं गाव. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, दिघी, कुठंही जायचं तरी रस्ता इथूनच फुटतो. इथल्या बाजारात कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे. कित्येक घरांतला एक तरी माणूस आखातात नोकरीला असतो. त्यामुळे इथं बेकरीचा पाव, बिर्याणी, कबाब आणि नारळाच्या रसातलं कालवण एकाच रस्त्यावर मिळू शकतं. बीचवरच्या 'सी फूड' पाट्यांपेक्षा इथलं जेवण खिशाला हलकंही पडतं. आठच्या आत म्हसळ्यात पोचणार असाल आणि पुढच्या घरी जेवण सांगितलेलं नसेल, तर सरळ इथंच जेवून घ्या. तेही लाजत लाजत नको, नीट बसून. रमजानच्या दिवसांत मात्र दुपारी बरीच हॉटेलं बंद दिसली तर तोंड वाकडं करू नका. संध्याकाळी मगरिबनंतर तोच बाजार बघा.

दुसरं, दिवेआगरला राहणार असाल तर जेवण राहत्या घरी किंवा शेजारच्या खानावळीत सांगा, आणि सकाळीच सांगा. फोनवर तीन गोष्टी बोला: किती जण, किती शाकाहारी, किती वाजता. काही घरांत मासे शिजत नाहीत. तिथं वालाचं बिरडं, फणसाची भाजी, आंबोळी, सोलकढी, मोदक असं जेवण असतं आणि ते काही कमी दर्जाचं नसतं. कडव्या वालाचं बिरडं न खाता रायगडातून परत आलात तर तुम्ही नक्की कुठं गेला होतात? अशा घरी 'मासे बाहेरून आणून इथं खाल्ले तर चालेल का?' असं विचारू नका. दुसऱ्या आळीत मासे मिळतात, तिकडे जा.

तिसरं, माशांचा हंगाम लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक बोटींसाठी मासेमारी बंदीचा काळ, कारण तेव्हा मासळी अंडी घालते. त्या दिवसांत 'ताजी सुरमई, आत्ताच आणलेली' असं कुणी म्हणालं तर ती कुठून आली हे हसत हसत विचारायला हरकत नाही. तेव्हा खाडीची मासळी, तिसऱ्या, सुकट, सुका बोंबील यांची मजा घ्या. एरवी भरडखोलसारखं कोळ्यांचं गाव हाकेच्या अंतरावर आहे. तिथं बोटी लागल्या की ताटात काय येणार ते ठरतं. म्हणजे मेनू समुद्र ठरवतो. आपण 'आज काय आहे?' असं विचारायचं आणि जे असेल ते खायचं. पापलेटच हवं असा हट्ट धरला की बिल वाढतं आणि मासा बर्फातला निघतो.

चौथं, पैसे. रेंज जाते, यूपीआय फिरत राहतं आणि मागे तीन ग्रुप उभे असतात. माणगावला किंवा म्हसळ्याला थोडी रोख काढून ठेवा. आठ जणांचा हिशेब काकूंच्या अंगणात उभं राहून 'तू दोन भाकऱ्या खाल्ल्यास, मी तीन' असा करू नका. एकाने द्यावेत, बाकीचं बोटीत भांडा.

पाचवं, सकाळची बोट. तिकडची माणसं तिला जंगलजेटी म्हणतात. दिघीहून आगरदांड्याला जायला किंवा हरिहरेश्वरच्या बाजूला बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेश्वीला जायला तिला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गाडी, बाईक, एसटीतून उतरलेली माणसं, कधी एखादं नवरा-नवरीचं वऱ्हाड, सगळी एकाच लोखंडी डेकवर. रस्त्याने ही वाट घ्यायची तर खाडीला भलामोठा वळसा पडतो. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, पावसाळ्यात हवा बघून फेरी थांबवतात, म्हणून वेळ आदल्या रात्री जेवतानाच विचारून घ्या. ताट वाढणाऱ्या माणसाला फेरीची वेळ तुमच्या ॲपपेक्षा जास्त नेमकी माहीत असते. नाश्ता किती वाजता हवा तेही तेव्हाच सांगा. पहाटे सहाला 'काकू, पोहे?' म्हणून दार वाजवायचं नाही.

जेवणानंतर किनाऱ्यावर जाणारच असाल, तर एक जुना हिशेब शिकून घ्या. कोकणात कोळ्यापासून शाळकरी पोरापर्यंत अनेकांना तो पाठ असतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती भरतीची साधारण वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पोट भरलेलं असताना, अंधारात, चढत्या पाण्यात पाय घालायचा नाही हे कळायला तेवढं पुरतं. पोहायचं तर नाहीच. आणि गाडी वाळूत घालून 'रील' काढायचा मोह झाला तर आठवा: ती गाडी ओढायला रात्री दोरखंड घेऊन तेच लोक येणार, ज्यांची झोप तुम्ही आधीच मोडलेली आहे.

यावर तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, 'आम्ही पैसे देतो ना? मग एवढे नियम कशाला? सुट्टीला जायचं की परीक्षेला?' प्रश्न रास्त आहे. ठरवून केलेल्या सहलीत मजा नाही, वाट फुटेल तिकडे जाण्यात आहे, हेही खरं. पण वाट फुटेल तिकडे जायचं असेल तर कुणाला शब्द देऊन जाऊ नका, एवढंच म्हणणं आहे. आकडा सांगितलाच नाही तर तुम्ही मोकळे. जिथं जे मिळेल ते खा, नाही मिळालं तर ऑम्लेट-पाव आहेच. आकडा सांगितला, तर मग तो तुमचा. उशीर झाला तर फोन, दोघं कमी झाले तर फोन, रद्द करायचं तर दुपारच्या आत फोन. आणि फोन करायचा राहूनच गेला, तर पैसे. यात संस्कारांचं भाषण काही नाही, साधा व्यवहार आहे.

उलट बाजूही आहे. काही ठिकाणी गर्दी बघून दर चढतात, शिळं वाढलं जातं, ताटाचा दर आधी एक आणि नंतर एक सांगितला जातो. तिथं गप्प बसायचं कारण नाही. दर आधी विचारा, चुकीचं वाटलं तर तोंडावर बोला. पण 'साडेदहाला गेलो तर जेवण संपलं होतं' म्हणून एखाद्या घरगुती खानावळीला एक तारा देऊन टाकणं ही तक्रार नव्हे. आपण तिथं आठ जण जातो, तारा मात्र वर्षभर तिथंच राहतो.

जगभरात सध्या पाहुणे आणि गाव यांच्यात हीच कुरबुर चालू आहे. व्हेनिसने २०२१ मध्ये मोठ्या क्रूझ जहाजांना शहराच्या मधल्या कालव्यातून जायला बंदी केली आणि २०२४ मध्ये गर्दीच्या दिवशी येणाऱ्यांना प्रवेशाचं तिकीट लावलं. त्याच वर्षी बार्सिलोनात वैतागलेल्या रहिवाशांनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. आपली क्रूझ वीस मिनिटांची आहे आणि दिवेआगरला अजून कुणी पिचकारी उचललेली नाही. अजूनही तिकडे तुम्ही फोन केलात की पहिला प्रश्न येतो तो पैशांचा नसतो, जेवणाऱ्या माणसांचा असतो. हे टिकवायचं की घालवायचं, ते तिकडच्या लोकांइतकंच आपल्याही हातात आहे. ताटं वाया जात राहिली की हळूहळू आधी अर्धे पैसे मागायला सुरुवात होईल, मग ताटाऐवजी पाकिटातले नूडल्स येतील, मग दारावर पाटी लागेल: 'कॉलेज ग्रुपना खोल्या नाहीत.' ती पाटी लागली की आपल्यानंतर येणाऱ्या बॅचने कुणाला बोल लावायचा?

पुढच्या लाँग वीकेंडचा प्लॅन ग्रुपवर पडलाच असेल. त्यात एक नाव घाला, जेवणाचा फोन करणाऱ्याचं. ज्याला डायलॉग मारता येतात तो नको, ज्याला आकडे लक्षात राहतात तो निवडा. पलीकडून आवाज येईल, 'जेवायला किती जण?' घाईने उत्तर देऊ नका. ग्रुपकडे वळा, मोजा, आणि मग सांगा.